शेवटची पाच मिनिटं

गणपती गेले की नाशिकरोडला एक चमत्कारिक ऊन पडायला लागतं. पाऊस अजून पुरता गेलेला नसतो, पण सकाळी दहालाच डोकं तापतं. मैदानांच्या कडेने काँग्रेस गवत गुडघ्यापर्यंत वाढलेलं असतं, मुरुमातल्या डबक्यांचं पाणी आटून चिखलाच्या पापड्या निघतात आणि शाळांच्या स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. परवा जेलरोडच्या सिग्नलला एक रिक्षा शेजारी येऊन थांबली. आत सहा-सात मुली कोंबलेल्या, गुडघ्यापर्यंत मोजे, आणि दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या हॉकी स्टिक्स. मी बघतच राहिले. सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न वाजवून जीव खाल्ला, तेव्हा हलले. खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण माझी चिडचिड सुरू झाली. त्या मुलींना ओरडून सांगावंसं वाटलं, बायांनो, अजून वेळ गेलेली नाही, बॅडमिंटन खेळा, कॅरम खेळा, काहीही खेळा.

चिडायला कारण आहे. गेल्याच महिन्यात ऑलिम्पिक संपलं आणि त्यात आपला हॉकीचा संघ नव्हता. हरून परत आला असता तर त्याची आम्हाला सवय आहे. या वेळी तो गेलाच नाही. पात्रच ठरला नाही, ऐंशी वर्षांत पहिल्यांदा. आणि आमच्या घरात काय चाललं होतं? आप्पा, म्हणजे माझे वडील, नुकतेच निवृत्त झालेत. ते टीव्हीसमोर बसून परक्या दोन देशांची मॅच बघत होते आणि मधूनमधून "वा, काय पास दिला!" म्हणत होते.

आई म्हणाली, "अहो, पण त्यात आपलं कोण आहे?"

"कोणी नाही. म्हणूनच तर निवांत बघता येतंय," आप्पा म्हणाले.

ऑफिसात यापेक्षा वाईट. यंदा क्रिकेटची ती नवी झटपट लीग आल्यापासून सगळ्यांना भरतं आलंय. मी चुकून हॉकीचा विषय काढला तर समोरच्या टेबलावरच्या मुलीने अगदी निरागसपणे विचारलं, "अगं, हॉकी अजून असते?" काय सांगणार? असते. दर चार वर्षांनी, दर दोन वर्षांनी, मधल्या कुठल्या कुठल्या चषकांना असते आणि प्रत्येक वेळी आमच्या छातीवर पाय देऊन जाते. आवडती गोष्ट माणसाला सुख देते म्हणतात. मला हॉकीने दिलेलं सुख एका वाटीत मावेल. उरलेलं सगळं आम्लपित्त.

हे दुखणं आप्पांकडून आलं. आप्पांचं लहानपण देवळाली कॅम्पातलं. आजोबा तिथे शिंपी होते, जवानांचे गणवेश शिवायचे. दुपारी दुकान पोराच्या भरवशावर टाकून ते जेवायला जात, आणि पोरगं दुकान वाऱ्यावर टाकून लष्कराच्या मैदानाच्या तारेपाशी. तारेपलीकडे उंचेपुरे जवान हॉकी खेळायचे. आप्पा सांगतात, चेंडू स्टिकला लागल्याचा तो कडक् आवाज एकदा कानात बसला की दुसरं काही ऐकूसं वाटत नाही. पुढे ते पाटबंधारे खात्यात कारकून झाले, नाशिकरोडला कॉलनीत घर झालं, पण कान तारेपाशीच राहिले. टीव्हीवर मॅच चालू असताना ते अर्धा वेळ डोळे मिटून असायचे. चेंडू नीट लागला की नाही हे त्यांना आवाजावरून कळायचं.

आणि त्यांची ती पद्धत. आमच्या घरात चप्पल उंबऱ्याबाहेर काढतात, तसा हाही नियम होता. मॅचची शेवटची पाच मिनिटं राहिली की टीव्ही बंद. आप्पा उठून गॅलरीत जाऊन उभे राहायचे आणि रस्त्याकडे बघायचे. आम्हीही टीव्हीला हात लावायचा नाही. दहा-पंधरा मिनिटांनी ते आत येऊन टीव्ही लावणार आणि जे झालं असेल ते तेव्हा कळणार.

याला इतिहास होता. आपण वर्ल्डकप जिंकलो त्या वर्षी आप्पा तरुण होते आणि फायनल रेडिओवर ऐकत होते. आपण एका गोलने पुढे होतो, शेवटची मिनिटं आली आणि रेडिओचे सेल गेले. आप्पांनी सेल काढून हातावर चोळले, उन्हात धरले, रेडिओला थपडा मारल्या, काही उपयोग नाही. मग धावत कॅम्पातल्या इराण्याच्या हॉटेलात गेले तर तिथे जवान एकमेकांना उचलून नाचत होते. जिंकलो होतो. त्या दिवशी आप्पांच्या मनाने घेतलं की आपण ऐकत राहिलो असतो तर बरोबरीचा गोल पडला असता. त्यानंतर जेव्हा जेव्हा त्यांनी शेवटपर्यंत मॅच ऐकली किंवा बघितली, तेव्हा शेवटच्या पाच मिनिटांत काहीतरी माती झालीच. आपल्या संघाची ती खोडच होती. सगळी मॅच राजासारखे खेळायचे आणि शेवटी पाय गळायचे. पण आप्पांना वाटायचं, ते पाय आपल्या नजरेने गळतात.

आई या प्रकाराला वैतागलेली असायची. "इथे नाशिकरोडला तुम्ही बटण दाबलं की तिकडे परदेशात गोल थांबतो का हो?" ती विचारायची. पण बत्तीस वर्षांनी आपण आशियाई सुवर्ण मिळवलं तेव्हाही आमचा टीव्ही बंदच होता, आणि मग तिचं तोंडही बंद झालं. इतिहासातला एवढा मोठा विजय आणि आम्ही घरातले तिघेही पाठमोरे. मी त्या वेळी रडले होते. मला तो शेवट बघायचा होता. आप्पा मात्र कृतकृत्य होते, जणू सुवर्णपदकात थोडं सोनं त्यांचंही होतं.

मी त्याच सुमारास खेळायला लागले होते. आमच्या शाळेत मुलींचा हॉकी संघ होता याचं श्रेय बोरसेसरांना. सर सटाण्याकडचे. एरवी पुस्तकी मराठी बोलायचे, मैदानावर चिडले की अहिराणी बाहेर पडायची. मी डावीकडून पळायचे आणि चेंडू पुढे निसटला की मागून आरोळी यायची, "पय ना पोरी, पय!" आमचं मैदान म्हणजे नुसता मुरूम. टीव्हीवरच्या निळ्या-हिरव्या कृत्रिम गवतावर चेंडू सरळ रेषेत जायचा. आमच्याकडे तो खड्ड्यातून उसळून कधी नडगीवर येईल याचा नेम नाही. माझ्या नडग्यांवर अजून डाग आहेत. आई म्हणायची, "उद्या साडी नेसशील तेव्हा झाकले जातील, एवढंच नशीब."

आप्पा माझ्या सगळ्या मॅचेसना यायचे. हाफ डे टाकून, स्कूटरवर, डोक्याला रुमाल बांधून. पहिल्या मिनिटापासून रेषेबाहेर उभे. आणि शेवटची पाच मिनिटं राहिली, की मैदानाबाहेर. फाटकाबाहेर कुठेतरी चहाची टपरी असायचीच. तिथे ते आमच्याकडे पाठ करून उभे राहायचे. शिट्टी वाजली, मुली ओरडल्या, की आत यायचे आणि विचारायचे, "काय झालं?"

काय झालं! मी कितीदा शेवटच्या मिनिटांत जीव तोडून पळाले. एकदा तर अगदी शेवटी मीच गोल केला, मुलींनी मला उचललं, मी वरून आप्पांना शोधत होते आणि टपरीपाशी मला फक्त एक पांढरा रुमाल दिसला. मला राग यायचा. बाकीच्या मुलींचे वडील यायचेच नाहीत, त्यांना काही वाटायचं नाही. माझे येऊन निघून जायचे. माझ्या एकाही मॅचचा शेवट त्यांनी बघितला नव्हता. एकदा, फक्त एकदा त्यांनी शिट्टी वाजेपर्यंत माझ्याकडे बघावं, एवढंच मला पाहिजे होतं. मागितलं की म्हणायचे, "अगं, तुझ्यासाठीच तर जातो."

एखाद्याने प्रेमच असं पाठ फिरवून केलं तर त्याच्याशी भांडायचं कसं, हे मला आजही कळलेलं नाही.

मग आला दोन हजार सालचा सप्टेंबर. मी अकरावीत होते, शाळेच्याच ज्युनिअर कॉलेजात, आणि आमचा संघ जिल्ह्याच्या फायनलला पोचला होता. तिकडे ऑस्ट्रेलियात ऑलिम्पिक चालू होतं. पितृपक्ष होता. कॉलनीत कुणाच्या ना कुणाच्या गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवलेलं, खिरीचा आणि वड्यांचा वास, आणि आमच्या घरात केबलवाल्याच्या नावाने शंख. तो मॅचच्या वेळी खेळांचा चॅनल काढून त्या जागी सिनेमा लावायचा. आप्पा त्याच्या दुकानात जाऊन अक्षरशः हात जोडून आले. तो म्हणाला, "काका, अख्ख्या लाइनवर तुम्ही एकटे हॉकी मागता. बाकीच्यांना काय उत्तर देऊ?" तरी बिचाऱ्याने तो दिवस चॅनल ठेवला.

तो दिवस म्हणजे गटातली शेवटची मॅच. जिंकलो की उपांत्य फेरी. समोर युरोपातला असा संघ, की ज्याला हॉकीत कोणी विचारत नव्हतं. आप्पांनी रजा टाकली होती. मी कॉलेज बुडवलं होतं. गोल काही होईना. मी उशीचा अभ्रा दाताने कुरतडत होते. शेवटी एकदाचा आपला गोल झाला आणि आप्पा इतक्या जोरात ओरडले, की शेजारचे वाघकाका काठी घेऊन आले. त्यांना वाटलं साप निघाला. वाघकाका निफाडकडचे, क्रिकेटचे भक्त. "हॉकी व्हय?" म्हणाले आणि काठी घेऊन परत गेले.

शेवटची पाच मिनिटं राहिली. आप्पा उठले. मी म्हटलं, "आज नका ना बंद करू." ते म्हणाले, "आज तर नक्कीच." खट्. पडदा काळा झाला. आप्पा गॅलरीत, मी सोफ्यावर, आई स्वयंपाकघरात. त्या काळ्या पडद्यात मला माझंच तोंड दिसत होतं आणि ते फोडून टाकावंसं वाटत होतं.

आप्पांनी टीव्ही पुन्हा लावला तेव्हा पडद्यावर आपला तोच गोल पुन्हा दाखवत होते. मग तिरंगे हलवणारी माणसं, गाल रंगवलेली दोन पोरं नाचताना. आप्पा म्हणाले, "जिंकलो!" आणि लाइट गेली.

यापुढचं सगळं आमच्या घराण्यालाच शोभणारं आहे. दुसऱ्या कोणी आधी खात्री केली असती. पण खात्री करायची कुणाकडे? कॉलनीत दुसरं कोणी हॉकी बघतच नव्हतं. आप्पांनी पायात चपला सरकवल्या आणि तडक नाक्यावर जाऊन जिलबी आणली. आई म्हणाली, "अहो, पितृपक्षात जिलब्या वाटतात का?" आप्पा म्हणाले, "ऑलिम्पिकची सेमीफायनल आहे. पितरसुद्धा खातील." घरोघरी गेले. ज्यांना हॉकीत किती खेळाडू असतात तेही माहीत नव्हतं, त्यांनी अभिनंदन केलं. मी संध्याकाळी सरावाला गेले आणि बोरसेसरांना सांगितलं. त्यांच्या घरीही लाइट नव्हती. सरांनी सगळ्या मुलींना टाळ्या वाजवायला लावल्या. आमचे आप्पा त्या दिवशी जे चालत होते ना, ते चालणं मी पुन्हा बघितलं नाही. खात्यात आयुष्यभर मान खाली घालून बसलेला माणूस मान वर करून कॉलनीतून फिरला.

सातच्या बातम्यांच्या आधी लाइट आली. वाघकाकाही जिलबीची ताटली परत द्यायला आले होते, ते बसले. बातम्यांच्या शेवटी खेळांच्या बातम्या, आणि त्यात निवेदिकेने अगदी गोड आवाजात सांगितलं की शेवटच्या क्षणी प्रतिस्पर्ध्यांनी बरोबरी साधली आणि भारताचं आव्हान संपलं.

आईने उठून टीव्हीचा आवाज कमी केला. वाघकाका ताटलीकडे बघत म्हणाले, "आप्पा, खाल्लेली जिलबी आता परत कशी द्यायची राव?" त्यांनी गंमत म्हणूनच म्हटलं असणार. आप्पा हसलेसुद्धा. पण दुसऱ्या दिवशी दूधवाला हसला, इस्त्रीवाला हसला, कॉलेजात मुली मला बघून टाळ्या वाजवायला लागल्या. आप्पांनी पुन्हा रजा टाकली. या वेळी मॅच नव्हती.

मला दया यायला हवी होती, पण मी संतापलेली होते. रात्रीच्या जेवणाला मी तोंड सोडलं. "तुम्ही बंद केलात, तरी पडलाच ना गोल? मग काय उपयोग? आपण बघत असतो तर निदान खरं काय ते तिथेच कळलं असतं. निदान रडलो असतो वेळेवर. उद्या माझी फायनल आहे. टपरीवर जायचं असेल तर येऊच नका."

आई म्हणाली, "वृषा, हळू." आप्पा भात कालवत राहिले. "बघू," एवढंच म्हणाले.

फायनल कॅम्पातल्या एका शाळेशी होती, पंचवटीतल्या मैदानावर. त्या मुली लष्करी शिस्तीच्या, स्टिक्स चकचकीत. आमच्यातल्या दोघींच्या स्टिक्सना सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. तरी आम्ही मस्त खेळलो. मध्यंतरानंतर मी डावीकडून दिलेल्या पासवर आमचा गोल झाला. ऊन असं, की मुरूम डोळ्यांना टोचत होता. आप्पा त्यांच्या नेहमीच्या जागी, डोक्याला रुमाल.

मग बोरसेसर ओरडले, "शेवटली पाच मिनिटं!" मी पळता पळता बाजूला बघितलं. आप्पा निघाले होते. फाटकाकडे, तीच सवयीची चाल. फाटकापाशी जाऊन ते थांबले, खांबाला हात लावून जरा वेळ उभे राहिले आणि वळले. परत आले. रेषेपाशी येऊन त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला आणि हातात घट्ट धरून उभे राहिले. चेहरा इंजेक्शन घेताना असतो तसा.

मला इतका जोर चढला, की मी डावीकडची माझी जागा सोडून सगळीकडे पळायला लागले. कॅम्पाच्या मुलींनी चढाई केली तेव्हा मी आमच्या गोलपर्यंत मागे आले. गोलकीपर पुढे निघून गेली होती, चेंडू रिकाम्या गोलकडे येत होता, आणि मी तो अडवला. पायाने. हॉकीत पाय लागणं म्हणजे गुन्हा. शिट्टी वाजली, त्यांना पेनल्टी मिळाली, बरोबरी झाली. आम्ही त्यातून सावरतोय तोच उजवीकडून त्यांची एक उंच मुलगी घुसली आणि दुसरा गोल. मग शेवटची शिट्टी. सगळं त्या पाच मिनिटांत.

मी मुरुमात बसले. बोरसेसर काहीतरी समजुतीचं बोलत होते. आप्पा पाण्याची बाटली घेऊन माझ्यापाशी आले आणि मी त्यांच्यावर ओरडले. अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं असेल.

"कशाला थांबलात तुम्ही? जायचं होतं ना टपरीवर!"

मुली बघायला लागल्या. माझ्या तोंडून काय गेलं ते मलाच उशिरा कळलं. रात्री जेवताना कोण बोललं होतं आणि हे कोण बोलतंय? आप्पांनी मात्र असं बघितलं, की त्यांना अजिबात नवल वाटलेलं नव्हतं. ते रागावलेही नाहीत. बाटलीचं झाकण उघडून त्यांनी ती माझ्या हातात दिली, माझी स्टिक उचलली, तिच्यावरचा मुरूम झटकला आणि स्कूटरकडे चालायला लागले.

द्वारका चौकापर्यंत मागे बसून मी त्यांच्या शर्टाला नाक पुसत होते. चौकात गाड्या तुंबल्या होत्या. स्कूटर थांबली तेव्हा आप्पा मान न वळवता म्हणाले, "तिकडची आपली मॅच आहे उद्या. पाचव्या ते आठव्या नंबरासाठीची."

ती मॅच जगात कोण बघतं? खेळणाऱ्यांनासुद्धा ती नको असते. मला हॉकीचं तोंड बघायचं नव्हतं. स्टिक गोदावरीत फेकून द्यायचं मी पंचवटीतच ठरवलं होतं, पूल ओलांडताना फक्त हात उचलला नव्हता.

पुढची गाडी हलली. आप्पांनी गिअर टाकला.

"किती वाजता?" मी विचारलं.